ज्यांना पक्षाने बाहेर काढलं, त्यांना अभ्यासवर्गात जागा द्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या कम्युनिस्ट आणि इतर डाव्या पक्षांचे शिक्षण विभाग, अभ्यासवर्गांचे संयोजक आणि पक्षांच्या नियतकालिकांचे संपादक,

कॉम्रेड्स, लाल सलाम.

यंदाच्या अभ्यासवर्गांच्या विषयपत्रिका आम्ही वाचल्या. ‘समाजवादाचा इतिहास’ या विषयाला दोन सत्रं आहेत. पहिलं ऑक्टोबर क्रांतीपासून फॅसिझमच्या पराभवापर्यंत, दुसरं थेट सोव्हिएत संघ का कोसळला यावर. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं गाळलेली आहेत. त्या वर्षांत कम्युनिस्ट पक्षांच्या सत्तेखाली राहून, मार्क्सचाच आधार घेऊन ज्यांनी सत्तेला प्रश्न विचारले आणि त्यापायी नोकरी, घर, स्वातंत्र्य गमावलं, त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या टिपणात नाही. तोंडी सांगून झालं, बैठकीत मांडून झालं. म्हणून आता जाहीर लिहितो आहोत.

आम्ही बाहेरचे नाही. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची स्वस्त पुस्तकं वाचत आम्ही वरकड मूल्य, म्हणजे मजुरीपलीकडे कामगाराच्या श्रमातून निघणारं मूल्य, शिकलो आणि आज तेच इतरांना शिकवतो. आमच्यासमोर बसणारी विशीतली मुलं विचारतात की कम्युनिस्टांनी कम्युनिस्टांनाच तुरुंगात का टाकलं. ‘तेव्हाची परिस्थिती वेगळी होती’ या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आमची पहिली तक्रार अशी की या माणसांचा उल्लेख झालाच तर ‘पाश्चिमात्य हस्तक’ किंवा ‘दुरुस्तीवादी’, म्हणजे मार्क्सवादाला मुरड घालणारे, असा होतो. हे वस्तुस्थितीला धरून नाही. एकच प्रकरण नीट उघडून पाहू.

वॉर्सा विद्यापीठात याचेक कुरोन आणि कारोल मोद्झेलेव्स्की हे दोन तरुण पक्षसदस्य होते. मोद्झेलेव्स्की इतिहासाचा अभ्यासक, त्याचे सावत्र वडील युद्धानंतरच्या पोलंडचे परराष्ट्रमंत्री. १९६४ च्या नोव्हेंबरात दोघांच्या एका लिखाणाचा मसुदा गुप्त पोलिसांनी जप्त केला आणि दोघांची पक्षातून हकालपट्टी झाली. त्यांनी तेच विचार पुन्हा मांडून काढले, ‘पक्षाला खुलं पत्र’ म्हणून टाइप केले आणि मार्च १९६५ मध्ये विद्यापीठातल्या पक्षसंघटनेच्या आणि युवक संघटनेच्या लोकांना प्रती दिल्या. दुसऱ्याच दिवशी अटक झाली. जुलैत निकाल लागला: कुरोनला तीन वर्षं, मोद्झेलेव्स्कीला साडेतीन.

त्या पत्रात बाजारपेठ आणा, कारखाने मालकांना परत द्या असं काही नाही. सरकारी आकडेवारीवरून त्यांनी असा हिशोब मांडला की कामगाराच्या कामाच्या वेळेपैकी सुमारे एक तृतीयांश वेळेत त्याची मजुरी निघते आणि उरलेल्या दोन तृतीयांश वेळेत तो वरकड निर्माण करतो. त्या वरकडाचं काय करायचं हे कोण ठरवतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. कामगार ठरवत नाही. त्याला संप करता येत नाही, स्वतःची संघटना काढता येत नाही, योजना त्याच्यापुढे मंजुरीला येत नाही. ठरवते ती ‘मध्यवर्ती राजकीय नोकरशाही’, आणि कायद्याने मालकी कुणाचीही असली तरी उत्पादन साधनांवर व्यवहारात ताबा तिचा असल्यामुळे तीच सत्ताधारी वर्ग ठरते. मागण्याही स्पष्ट होत्या: प्रत्येक कारखान्यात निवडलेल्या कामगार परिषदा, त्यांच्या प्रतिनिधींची मध्यवर्ती परिषद, एकाहून अधिक कामगार पक्ष, सरकारपासून स्वतंत्र कामगार संघटना, पूर्वनियंत्रण (सेन्सॉरशिप) आणि राजकीय पोलीस यांचा शेवट, आणि कायमस्वरूपी सैन्याऐवजी सशस्त्र कामगार. हे भांडवलदारांचं हस्तक असणं असेल तर पॅरिस कम्यूनवरचं, म्हणजे तिथल्या कामगारांच्या अल्पकाळ टिकलेल्या सत्तेवरचं, मार्क्सचं लिखाणही त्याच खात्यात टाकावं लागेल.

त्याच काळात पोलंडमध्ये लुडविक हास हा ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टालिनचा विरोधक ट्रॉट्स्की याच्या विचारांचा, इतिहासकारही गजाआड गेला. त्याला १९३९ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी पकडलं होतं. छावण्या आणि हद्दपारी भोगून तो १९५७ मध्ये मायदेशी परतला, आणि काही वर्षांतच स्वतःच्या देशातल्या कम्युनिस्ट सरकारने त्याला पुन्हा तुरुंगात घातलं. या सगळ्यांच्या सुटकेसाठी एप्रिल १९६६ मध्ये इतिहासकार आयझॅक डॉइशरने लंडनहून पोलंडच्या पक्षाचा प्रमुख गोमुल्का याला खुलं पत्र लिहिलं. डॉइशर स्वतः पोलिश कम्युनिस्ट पक्षातून १९३२ मध्ये काढला गेलेला, आणि मरेपर्यंत मार्क्सवादी. डाव्या चळवळीत असं पत्र लिहिण्याची रीत जुनी आहे, एवढं यावरून लक्षात घ्यावं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. हे दडपण कसं चालायचं हे वर्गात शिकवलंच जात नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की स्टालिनच्या काळात गोळ्या घातल्या गेल्या, १९५६ मध्ये ख्रुश्चॉव्हने चूक कबूल केली आणि विषय संपला. १९५६ नंतर गोळी क्वचित लागली, पण पद्धत पक्की झाली. तिच्या पायऱ्या देशोदेशी जवळपास सारख्याच होत्या.

आधी पक्षातून हकालपट्टी. तीही चर्चेने नव्हे, तर ठराव आधी तयार ठेवून. मग नोकरी. चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राहा इथे १९६८ च्या सुधारणा सोव्हिएत सैन्याने मोडल्यानंतर पक्षातून काढलेले प्राध्यापक आणि पत्रकार बॉयलरमध्ये कोळसा टाकताना, खिडक्या पुसताना दिसू लागले. यिर्झी डीन्स्टबीर हा पूर्वीचा कम्युनिस्ट पत्रकार असाच भट्टीवर कामाला होता आणि तिथूनच १९८९ च्या डिसेंबरात परराष्ट्रमंत्री झाला. नोकरी गेल्यावर मुलांच्या शिक्षणावर गदा यायची, गुण असूनही विद्यापीठात प्रवेश मिळायचा नाही. त्यानंतर छपाई बंद. शेवटी घरझडती. एप्रिल १९७५ मध्ये मार्क्सवादी तत्त्वज्ञ कारेल कोसिक याच्या घरातून पोलिसांनी सुमारे हजार पानांचं हस्तलिखित नेलं. ते प्रसिद्ध झालेलं नव्हतं, पुरंही झालेलं नव्हतं. लिहायच्या टेबलावरचे कागद हाच पुरावा. कोसिकने फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रला जाहीर पत्र लिहून आपण गुन्हेगार आहोत का, असं विचारलं.

पूर्व जर्मनीत रोबेर्ट हावेमान होता. रसायनशास्त्रज्ञ. नाझींच्या न्यायालयाने १९४३ मध्ये त्याला फाशी सुनावली होती. ब्रांडेनबुर्गच्या ज्या तुरुंगात तो होता, त्याच तुरुंगात एरिख होनेकर हाही कैदी होता. पुढे होनेकर राज्याचा प्रमुख झाला. हावेमानने १९६३–६४ मध्ये हुम्बोल्ट विद्यापीठात विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांवर व्याख्यानं दिली, सभागृह भरून वाहू लागलं, आणि १९६४ मध्ये पक्ष आणि विद्यापीठ दोन्हींतून त्याला काढलं. नोव्हेंबर १९७६ पासून अडीच वर्षं ग्रूनहाइडे या गावात घरीच नजरकैद. त्याचे लेख पश्चिम जर्मनीत छापले गेले म्हणून १९७९ मध्ये परकीय चलनाच्या कायद्याखाली दहा हजार मार्क दंड. या तपशिलाकडे लक्ष द्या. विचारासाठी शिक्षा केली असं कागदावर कुठेच येत नाही, येतो तो चलनाचा गुन्हा. सोव्हिएत संघात हेच काम मनोरुग्णालयाने केलं. लेनिनवादी जनरल प्योत्र ग्रिगोरेन्को याला आधी १९६४ मध्ये आणि पुन्हा १९६९ ते १९७४ असं वेड्यांच्या इस्पितळांत ठेवलं गेलं. निदान होतं ‘सुधारणावादी कल्पनां’चं खूळ.

युगोस्लाव्हियाचा किस्सा तर प्रत्येक शिक्षण विभागाने पाठ करावा असा आहे. तिथे स्वयंव्यवस्थापन, म्हणजे संस्थेचा कारभार तिथे काम करणाऱ्यांनीच चालवणं, ही राज्याची अधिकृत विचारसरणी होती. झाग्रेबमधून १९६४ पासून ‘प्राक्सिस’ हे मार्क्सवादी नियतकालिक निघायचं, कोर्चुला बेटावर उन्हाळी शिबिर भरायचं आणि जगभरचे डावे अभ्यासक तिथे यायचे. पक्षाला ते नकोसं झालं. पण बेलग्रेड विद्यापीठातल्या आठ अध्यापकांना काढायचा अधिकार स्वयंव्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे विभागाच्या मंडळाकडे होता, आणि मंडळ त्यांना काढायला तयार होईना. मग कायदाच बदलला आणि जानेवारी १९७५ मध्ये सर्बियाच्या विधानसभेने त्यांना दूर केलं. नियतकालिकाचे पैसे बंद झाले, छापखाना मिळेना, १९७४ चे अंक शेवटचे ठरले.

हंगेरीचं उदाहरण मुंबईच्या कामगारांना लगेच कळेल. मिक्लोश हारास्ती हा तरुण कवी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बुडापेस्टच्या रेड स्टार ट्रॅक्टर कारखान्यात मिलिंग मशिनवर लागला आणि तिथलं काम त्याने जसंच्या तसं लिहून काढलं. मजुरी नगावर. एका नगाला किती मिनिटं लागावीत हे वर बसलेला ठरवणार, आणि ती वेळ इतकी कमी की सुरक्षेचे नियम पाळून एका यंत्रावर काम केलं तर पोट भरणार नाही. म्हणून एकाच वेळी दोन यंत्रं चालवायची, ठरलेल्यापेक्षा जास्त वेग द्यायचा, कटर तुटला तर दोष आपल्यावर. कामगारांना दिवसातला खरा आनंद कशात, तर भंगारातून चोरून स्वतःसाठी बनवलेल्या एखाद्या किल्लीत किंवा राखदाणीत, कारण तेवढीच वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या मनाने घडलेली. या हस्तलिखिताच्या काही प्रती मित्रांना वाचायला दिल्या म्हणून चिथावणीचा खटला झाला आणि १९७४ मध्ये आठ महिन्यांची स्थगित शिक्षा. १९२८ साली गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप कशासाठी झाला होता? एकाच माणसाच्या माथी जास्त यंत्रं मारण्याच्या विरोधातही. लाल बावटा युनियन त्या लढ्यातून उभी राहिली. दोन यंत्रांचा जाच लिहून ठेवणाऱ्या बुडापेस्टच्या त्या माणसाला परळ-लालबागच्या इतिहासाशेजारी बसवायला तुमची हरकत का असावी?

हे लिखाण लोकांपर्यंत कसं पोचायचं, तेही शिकवण्याजोगं आहे, कारण संघटनेचं काम त्यातच दिसतं. अगदी पातळ कागद, मध्ये कार्बन, आणि टाइपरायटरच्या कळांवर जोर देऊन एका वेळी दहा-बारा प्रती. वरची प्रत स्वच्छ, खालच्या धूसर होत जाणाऱ्या. चूक झाली तर प्रत्येक प्रतीवर वेगळी दुरुस्ती करावी लागे, म्हणून टाइप करणारीने मजकूर आधी नीट वाचलेला असायचा. हे काम बहुतेक बायकांनी केलं आणि नावं मात्र लेखकांची राहिली. प्रत मिळालेल्याने शक्य असेल तर पुढचा संच टाइप करून द्यायचा. धोका अक्षरांत होता: प्रत्येक यंत्राचं एखादं अक्षर झिजलेलं किंवा वाकडं असतं आणि पोलीस त्यावरून यंत्र ओळखत. रुमानियात १९८३ मध्ये चाउशेस्कूच्या सरकारने टाइपरायटरची नोंदणीच सक्तीची केली, अक्षरांचा नमुना पोलिसांकडे द्यायचा. पोलंडमध्ये १९७६ च्या रादोम आणि उर्सुसमधल्या संपांनंतर कुरोन आणि त्याच्या सोबत्यांनी कामगार संरक्षण समिती काढली. १९७७ पासून ‘रोबोत्निक’ हे कामगारांचं पत्रक बेकायदा छापून कारखान्यांच्या फाटकांवर वाटलं जाऊ लागलं. १९८० मध्ये देशव्यापी कामगार संघटना उभी राहिली तेव्हा तिला ‘सॉलिडॅरिटी’ हे नाव सुचवलं मोद्झेलेव्स्कीने, जवळपास सोळा वर्षांपूर्वी हकालपट्टी झालेल्या त्याच माणसाने.

तिसरी तक्रार चीनबद्दलच्या मौनाची. चिनी कम्युनिस्टांचं तेव्हाचं केंद्र असलेल्या येनानमध्ये १९४२ च्या मार्चमध्ये वांग शिवेई या पक्षलेखकाने पक्षाच्याच दैनिकात लिहिलं की आपल्याकडे कपड्यांचे तीन दर्जे आणि जेवणाचे पाच दर्जे झाले आहेत, आणि आजारी माणसाला शेवयांचं सूपही मिळत नाही. त्याच्यावर सभा भरवल्या गेल्या, ट्रॉट्स्कीवादी ठरवून डांबलं गेलं आणि १९४७ मध्ये ठार केलं गेलं. पक्षाने हा ठपका मागे घेतला १९९१ मध्ये. तुमच्या चीनविषयक टिपणांत लाँग मार्च सविस्तर आहे. वांग शिवेई नाही.

आणि हे सगळं जुनं म्हणूनही सोडता येत नाही. मार्क्सच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून मे २०१८ मध्ये बीजिंगमध्ये मोठा सोहळा झाला. जुलैत शेन्झेनमधल्या वेल्डिंग यंत्रं बनवणाऱ्या जासिक कंपनीतल्या कामगारांनी दंड, ओव्हरटाइम आणि घरनिधीच्या थकबाकीवरून युनियन काढायचा प्रयत्न केला. त्यांना कामावरून काढलं, मारहाण झाली, अटका झाल्या. त्यांच्या पाठिंब्याला पेकिंग आणि इतर विद्यापीठांच्या मार्क्सवादी अभ्यासमंडळांतले विद्यार्थी आले. माओचं चित्र हातात घेऊन, ‘एकजूट हीच ताकद’ असं लिहिलेले शर्ट घालून. पेकिंग विद्यापीठाची नुकतीच पदवीधर झालेली युए शिन हिने शी जिनपिंग यांना खुलं पत्र लिहिलं की आमच्यामागे कुठलीही परकीय शक्ती नाही. २४ ऑगस्टला पहाटे हुइचौमधल्या त्यांच्या राहत्या जागेवर पोलीस घुसले आणि सुमारे पन्नास जणांना घेऊन गेले. युए शिन त्यांत होती. डिसेंबरात माओच्या जयंतीच्या कार्यक्रमाला निघालेल्या पेकिंग विद्यापीठाच्या मार्क्सवादी मंडळाच्या अध्यक्षालाही उचललं गेलं.

२४ ऑगस्ट २०१८. त्यानंतर चारच दिवसांनी, २८ ऑगस्टला, पुणे पोलिसांनी भीमा कोरेगाव प्रकरणात देशभर छापे घालून वकील, कवी, लेखक यांना ताब्यात घेतलं. त्या अटकांविरुद्ध तुम्ही ठराव केले, मोर्चे काढले. ते योग्यच होतं, आणि आम्हीही त्यात होतो. शेन्झेनबद्दलचा तुमचा एकही ठराव आमच्या पाहण्यात नाही. यूएपीएखाली वर्षानुवर्षं खटल्याविना डांबणं अन्याय असेल, तर कारण न सांगता माणूस गायब करणं काय आहे? तुमच्या मौनाची किंमत इथल्या कैद्यांना मोजावी लागते. न्यायालयाबाहेर, दूरचित्रवाणीवर, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न हाच येतो की ‘तुमच्या सत्तेत काय होतं?’, आणि आपला माणूस निरुत्तर होतो.

‘याने शत्रूच्या हाती हत्यार मिळतं’ असं आम्हाला सांगितलं जातं. हत्यार केव्हाच मिळालेलं आहे. हावेमान, कुरोन, कोसिक यांच्या छळाच्या कथा उजव्यांच्या भाषणांत वापरल्या जातात, फक्त त्यांतला समाजवाद कापून. कुरोन पुढे कामगारमंत्री झाला, तेव्हा बेकारांच्या भत्त्याला लोक त्याच्याच नावाने ओळखू लागले. कामगार परिषदांची मागणी करणारा माणूस ‘साम्यवादाचा शत्रू’ म्हणून मिरवला जातो, कारण त्याला आपला म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

हेही सांगायला हवं की ही माणसं संत नव्हती आणि वर्गात त्यांची पूजा आम्हाला नको. बेलग्रेडच्या त्या आठांपैकी मिहाइलो मार्कोविच पुढे सर्बियाचा राष्ट्रवादी नेता मिलोशेविच याच्या पक्षाचा विचारवंत झाला. वॉर्साचा तत्त्वज्ञ लेशेक कोवाकोव्स्की मार्क्सवादापासून पूर्ण दूर गेला. मोद्झेलेव्स्कीने मात्र १९८९ नंतरच्या आर्थिक धोरणावर, कामगारांच्या बाजूने, शेवटपर्यंत टीका केली. एकाच दडपणाखालून माणसं इतक्या वेगळ्या दिशांना का गेली, हा अभ्यासवर्गात घ्यायचाच प्रश्न आहे.

भारतीय क्रांतिकारकही यातून सुटले नाहीत. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि अवनी मुखर्जी या दोघांना १९३७ मध्ये सोव्हिएत भूमीवर गोळ्या घालण्यात आल्या. भारतीय कम्युनिस्ट चळवळीच्या सुरुवातीच्या धड्यात त्यांची नावं येतात, त्यांचा शेवट येत नाही.

आमच्या मागण्या.

‘समाजवादाचा इतिहास’ या विषयाला आणखी चार सत्रं द्या, प्रत्येकी किमान दोन तासांची: पोलंड; पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया; हंगेरी आणि युगोस्लाव्हिया; आणि चीन (येनान ते शेन्झेन). चर्चेला निम्मा वेळ ठेवा, कारण व्याख्यान लांबलं की हा विषय निषेधाच्या किंवा बचावाच्या भाषणात वाहून जातो.

मूळ मजकूर वाचायला द्या. कुरोन आणि मोद्झेलेव्स्की यांचं पत्र शंभरेक पानांचं आहे. त्याचं संपूर्ण मराठी भाषांतर पुढच्या वर्षभरात छापा, निवडक उतारे नकोत. उतारे काढणारा आपल्या सोयीचे काढतो, मग तो डावा असो वा उजवा. पोलिश जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. इंग्रजीवरून केलं तर तसं पहिल्या पानावर लिहा. वक्ते पाठवाल तेव्हा त्यांनी हे मूळ वाचलेलं असावं ही अट ठेवा. या माणसांना रशियन लेखक सोल्झेनित्सिनच्या रांगेत बसवून एका तासात गुंडाळू नका. तो समाजवादाचा विरोधक होता, हे समाजवादी होते.

पक्षाच्या ज्या जुन्या पुस्तिकांत या लोकांना हस्तक म्हटलं आहे, त्या पुन्हा छापताना संपादकीय टीप जोडा. वांग शिवेईवरचा ठपका त्याच्या पक्षाने मागे घेतलेला आहे. आपण तो जपून ठेवण्याचं कारण नाही.

विचारासाठी किंवा कामगारांची संघटना बांधण्यासाठी कुणालाही, कुठल्याही झेंड्याच्या सरकारने अटक केली तर त्याचा निषेध करू, असा एक ओळीचा ठराव राज्य परिषदांत मांडा आणि मतांना टाका. मतं किती पडली ते जाहीर करा.

शेन्झेनच्या कामगारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या बाजूने, युए शिन कुठे आहे असं विचारणारं पत्र चिनी वकिलातीला पाठवा. तुमची शिष्टमंडळं तिथे जातात, पाहुणचार घेतात. प्रश्न विचारायला तुमच्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसऱ्या कुणालाच नाही.

उत्तर खाजगीत नको. तुमच्या नियतकालिकात, याच पत्राशेजारी छापा. असहमती असेल तर मुद्दा धरून सविस्तर लिहा, आम्ही त्यावरही लिहू. भाषांतराचं, टिपणं काढण्याचं आणि सत्रं घेण्याचं काम करायला आमच्यातले लोक तयार आहेत, मानधन नको. पहिल्या सत्राची तारीख तेवढी कळवा.

आपले,
डाव्या चळवळीतले काही अभ्यासवर्गशिक्षक आणि वाचक